डिस्क रेकॉर्डरवर ऑडिओ इनपुट चॅनलचे मॅपिंग : ट्रॅकच्या कागदापासून तपासलेल्या क्लिपपर्यंत

व्यावसायिक व्हिडिओ डिस्क रेकॉर्डरवर चित्र चुकीचे आले, तर मॉनिटरसमोर बसलेल्या प्रत्येकाला ते त्याच क्षणी दिसते. ध्वनीचा एखादा चॅनल चुकीच्या ट्रॅकवर गेला, तर मात्र तो बहुधा संपादकाने फाइल टाइमलाइनवर टाकल्यावर कळतो, आणि तोपर्यंत मैदान रिकामे होऊन ओबी व्हॅन, म्हणजे बाहेरच्या चित्रीकरणाची गाडी, परतीच्या वाटेला लागलेली असते. म्हणून रेकॉर्डरच्या सेटिंगमधले हे काम मला सर्वांत जबाबदारीचे वाटते. ते अवघड नाही. पण ते घाईत आणि आठवणीवर विसंबून केले जाते, आणि चुका तिथेच होतात.

मॅपिंग म्हणजे कोणत्या इनपुटमधून आलेला कोणता चॅनल फाइलमधल्या कोणत्या ट्रॅकवर लिहिला जावा, याचा तक्ता यंत्राला देणे. निरनिराळ्या कंपन्यांच्या मेनूत याला ऑडिओ राउटिंग, ट्रॅक असाइन, चॅनल मॅप अशी वेगवेगळी नावे असतात आणि तिथे पोहोचण्याचा मार्गही प्रत्येक यंत्रात निराळा असतो. त्यामुळे इथे कोणते बटण दाबावे हे सांगण्यापेक्षा, कोणत्या क्रमाने विचार करावा, काय निवडावे आणि ते कसे तपासावे हे सविस्तर मांडले आहे. हा क्रम पाठ झाला की यंत्र बदलले तरी हात अडखळत नाही.

बीटाकॅम एसपीच्या टेपवर ध्वनीचे चारच ट्रॅक असत. त्यांतले दोन सरळ रेषेत लिहिले जाणारे होते आणि उरलेले दोन एएफएम ट्रॅक चित्राच्याच सिग्नलबरोबर लिहिले जात, त्यामुळे चित्राला हात न लावता ते बदलता येत नसत. डिजिटल बीटाकॅमवरही पीसीएम, म्हणजे आकड्यांच्या नमुन्यांत लिहिलेल्या, ध्वनीचे चारच चॅनल होते. एवढ्या थोड्या जागेत कोणता आवाज कुठे आहे हे डब्यावरच्या चिठ्ठीवर मावत असे. १९९० च्या दशकात टेक्ट्रॉनिक्सच्या ‘प्रोफाइल’सारखे डिस्क रेकॉर्डर प्रसारण केंद्रांत आले, टेपची जागा हार्ड डिस्कने घेतली, आणि पुढे आठ-सोळा ट्रॅक ही नेहमीची गोष्ट झाली. तेव्हापासून इनपुटची तार आणि ट्रॅकचा क्रमांक यांचे ठरलेले नाते सुटले. जे आधी तारेने ठरत होते ते आता सेटिंगने ठरते, आणि सेटिंग डोळ्यांना दिसत नाही.

एक ठरावीक उदाहरण

पुढचे सगळे विवेचन एका उदाहरणाच्या आधाराने करतो. समजा, कबड्डीचा सामना १०८०आय५० या मानकात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम (५० अर्ध्या फ्रेम), आठ ट्रॅकच्या एमएक्सएफ, म्हणजे चित्र आणि ध्वनी एकत्र ठेवणाऱ्या, फाइलमध्ये रेकॉर्ड करायचा आहे. एक्सडीकॅम एचडी४२२ या ५० मेगाबिटच्या प्रकारात २४ बिटचे आठ चॅनल बसतात, म्हणून ही संख्या प्रत्यक्षात वारंवार भेटते. समालोचन मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत आहे. साउंड कन्सोलवरून, म्हणजे आवाज मिसळण्याच्या टेबलावरून, पूर्ण प्रोग्रॅम मिक्स स्टिरिओत येते, आणि समालोचन वगळलेला मैदानी आवाज, ज्याला आपण इंटरनॅशनल साउंड म्हणतो, तोही स्टिरिओत येतो. हे चारही चॅनल एम्बेडर या उपकरणाने एसडीआयमध्ये, म्हणजे एका तारेतून जाणाऱ्या डिजिटल चित्राच्या सिग्नलमध्ये, घातलेले (एम्बेड केलेले) आहेत. दोन्ही समालोचकांचे सुटे माइक आणि पंचांचा माइक मात्र एईएस, म्हणजे फक्त डिजिटल ध्वनी नेणाऱ्या, तारांवरून थेट रेकॉर्डरच्या मागच्या बाजूला येतात.

पहिली पायरी : ट्रॅकचा कागद

मेनू उघडण्याआधी कागद घ्यावा. त्यावर डाव्या बाजूला फाइलमधले ट्रॅक क्रमाने लिहावेत आणि प्रत्येकासमोर तिथे कोणता आवाज हवा आहे ते लिहावे. इनपुटचा विचार नंतर करावा. ही दिशा महत्त्वाची आहे. बहुतेक जण उलटे करतात, म्हणजे कोणती तार कुठे लागली आहे ते पाहून ट्रॅक भरत जातात, आणि मग फाइल घेणाऱ्याला काय हवे होते हा प्रश्न शेवटी उरतो. आपल्या उदाहरणात कागद असा होईल:

ट्रॅक १ : मराठी प्रोग्रॅम मिक्स, डावा
ट्रॅक २ : मराठी प्रोग्रॅम मिक्स, उजवा
ट्रॅक ३ : इंटरनॅशनल साउंड, डावा
ट्रॅक ४ : इंटरनॅशनल साउंड, उजवा
ट्रॅक ५ : मराठी समालोचन, सुटे, मोनो
ट्रॅक ६ : हिंदी समालोचन, सुटे, मोनो
ट्रॅक ७ : पंचांचा माइक, मोनो
ट्रॅक ८ : रिकामा

हा क्रम आपल्या सोयीने ठरवू नये. फाइल ज्या वाहिनीला किंवा संपादन विभागाला जाणार आहे, त्यांचा ट्रॅकवाटपाचा नियम लेखी मागून घ्यावा. युरोपीय प्रसारण संघाच्या आर १२३ या शिफारशीत अशा मांडण्यांना ४बी, १६सी असे छोटे संकेत दिलेले आहेत, आणि काही संस्था फाइलबरोबर तोच संकेत मागतात. स्टिरिओची जोडी नेहमी विषम क्रमांकावर सुरू करावी, म्हणजे १-२, ३-४, ५-६ अशी. स्टिरिओ आवाज २-३ वर ठेवला तर यंत्र तो नाकारणार नाही, पण पुढे जोडीजोडीने चालणारे प्रत्येक उपकरण त्याचे दोन तुकडे करील.

५.१, म्हणजे सहा चॅनलचा सराउंड, ध्वनी असेल तर क्रमाची आणखी काळजी घ्यावी लागते. एसएमपीटीई या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रथेप्रमाणे तो डावा, उजवा, मधला, एलएफई (अगदी खालच्या सुरांचा), मागचा डावा, मागचा उजवा असा असतो. चित्रपटाच्या मिक्सिंगमधून येणाऱ्या काही मांडण्यांत मात्र डाव्यानंतर लगेच मधला येतो आणि एलएफई शेवटी असतो. या दोन क्रमांची गल्लत झाली की मधल्या स्पीकरमधून यायचे संवाद उजवीकडून ऐकू येतात. मिक्सिंग स्टुडिओने ‘नेहमीचाच क्रम आहे’ असे सांगितले तरी कोणता ते विचारून कागदावर लिहावे.

दुसरी पायरी : आत येणारे चॅनल मोजणे

आता कागदाच्या उजव्या बाजूला प्रत्येक ट्रॅकसमोर त्याचा उगम लिहायचा आहे. त्यासाठी रेकॉर्डर कोणत्या भाषेत चॅनल मोजतो ते कळले पाहिजे. एकाच चॅनलला तीन ठिकाणी तीन नावे असू शकतात, आणि मॅपिंगच्या निम्म्या चुका या मोजणीतून होतात.

एसडीआयमध्ये एम्बेड केलेला ध्वनी चार गटांत असतो. प्रत्येक गटात चार चॅनल, म्हणजे दोन जोड्या, असे एकूण सोळा. एचडीसाठी हे एसएमपीटीई २९९ या मानकाने आणि एसडीसाठी एसएमपीटीई २७२ ने ठरलेले आहे. पहिल्या गटात चॅनल १ ते ४, दुसऱ्यात ५ ते ८, तिसऱ्यात ९ ते १२ आणि चौथ्यात १३ ते १६ येतात. काही मेनू सरळ १ ते १६ असे आकडे दाखवतात, काही गट आणि जोडी सांगतात, आणि काही एईएस जोडीचा क्रमांक देऊन तिच्या दोन बाजूंना ए आणि बी म्हणतात. त्यामुळे चॅनल ७ म्हणजेच गट दोनमधला तिसरा, आणि तोच चौथ्या जोडीचा पहिला. हे रूपांतर कागदाच्या कोपऱ्यात एकदा लिहून ठेवले की रात्री दोन वाजता डोके लढवावे लागत नाही.

एम्बेडरकडेही लक्ष द्यावे. चित्र कॅमेऱ्याकडून किंवा स्विचरकडून, म्हणजे कॅमेरे निवडणाऱ्या यंत्राकडून, येताना त्यात आधीच एखादा गट भरलेला असू शकतो. आपला एम्बेडर तोच गट पुन्हा लिहितो, तसाच पुढे जाऊ देतो की पुसून टाकतो, हे त्याच्या सेटिंगवर अवलंबून असते. दुसरा गट कोणीच भरलेला नाही असे आपण गृहीत धरतो आणि तिथे स्विचरने प्रोग्रॅम मिक्सचीच प्रत ठेवलेली असते. रेकॉर्डरच्या मीटरवर हालचाल दिसते, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते.

एईएस तारेवर एका वेळी दोन चॅनल येतात. एक्सएलआरची जोडणी ११० ओहमची बॅलन्स्ड असते आणि बीएनसीची ७५ ओहमची अनबॅलन्स्ड. या दोन प्रकारच्या तारा थेट एकमेकींना जोडू नयेत. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना त्यासाठीचा लहान ट्रान्सफॉर्मर, म्हणजे बालन, लावावा. आपल्या उदाहरणात पहिल्या एईएस तारेच्या डाव्या बाजूला मराठी समालोचन आणि उजव्या बाजूला हिंदी समालोचन आहे, तर दुसऱ्या तारेच्या डाव्या बाजूला पंचांचा माइक आहे. तिची उजवी बाजू रिकामी आहे. मग कागदाचा उजवा रकाना असा भरतो: ट्रॅक १ ते ४ साठी एसडीआय एम्बेडेड १ ते ४, ट्रॅक ५ आणि ६ साठी एईएस १ ची डावी व उजवी, ट्रॅक ७ साठी एईएस २ ची डावी, ट्रॅक ८ साठी शांतता, म्हणजे म्यूट.

या टप्प्यावर यंत्राची एक मर्यादा पाहून घ्यावी. काही रेकॉर्डर प्रत्येक ट्रॅकसाठी स्वतंत्र उगम निवडू देतात, काही फक्त जोडीने, तर काही सगळ्या ट्रॅकना मिळून एकच प्रकारचा उगम देतात, म्हणजे सगळे एम्बेडेड किंवा सगळे एईएस. तिसऱ्या प्रकारच्या यंत्रावर आपले उदाहरण जसेच्या तसे बसणार नाही. तिथे समालोचकांचे माइकही एम्बेडरमधून दुसऱ्या गटात घालून एसडीआयनेच आणावे लागतील. जोडीने चालणाऱ्या यंत्रावर मराठी आणि हिंदीची अदलाबदल हवी असेल तर ती कन्सोलवरच करावी लागेल. ही मर्यादा सामन्याच्या आदल्या दिवशी कळली तर तारेचे काम असते. सामन्याच्या दिवशी कळली तर तडजोड.

तिसरी पायरी : एकच जागा ठरवणे

मला या सगळ्या कामात सर्वांत ठामपणे सांगायचे आहे ते हे. चॅनलचा क्रम कन्सोलच्या आउटपुट पॅचवर बदलता येतो, राउटरवर (सिग्नल वाटणाऱ्या यंत्रावर) बदलता येतो, एम्बेडरमध्ये बदलता येतो, रेकॉर्डरच्या इनपुट मॅपिंगमध्ये बदलता येतो आणि प्लेबॅकच्या आउटपुट मॅपिंगमध्येही बदलता येतो. पाच जागा आहेत आणि प्रत्येक जागी वेगळा माणूस बसलेला असतो. तीन आणि चार उलटे येत आहेत अशी तक्रार आली की कन्सोलवरचा माणूस ते उलटे करतो, आणि त्याच मिनिटाला रेकॉर्डरवरचाही उलटे करतो. दोन चुका मिळून परत आधीचीच चूक तयार होते, आणि मग कोणी कशाला हात लावला हे कोणालाच आठवत नाही.

त्यामुळे काम सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर ठरवावे की क्रम फक्त एकाच ठिकाणी बदलला जाईल आणि बाकी सर्व ठिकाणी एकाला एक, दोनाला दोन अशी सरळ जोडणी राहील. शक्य असेल तेव्हा मी ती जागा रेकॉर्डरचे इनपुट मॅपिंग ही ठरवतो, कारण फाइलवर शेवटचा शिक्का तिथेच बसतो आणि ते प्रीसेट, म्हणजे नाव देऊन साठवलेले सेटिंग, म्हणून जपून ठेवता येते. एकापेक्षा अधिक रेकॉर्डर समांतर चालत असतील तर मात्र ती जागा एम्बेडरच्या आधी, म्हणजे कन्सोलवर, नेणे बरे. तसे केले की सर्व यंत्रांना एकच क्रम मिळतो आणि मुख्य फाइल व राखीव फाइल यांत फरक पडत नाही.

चौथी पायरी : यंत्रावर सेटिंग भरणे

रेकॉर्डिंग चालू असताना किंवा रेकॉर्ड चॅनल (म्हणजे फाइल लिहिणारा यंत्राचा भाग) एखाद्या बाह्य नियंत्रणाच्या ताब्यात असताना अनेक यंत्रे ऑडिओचे सेटिंग बदलू देत नाहीत. काही बदलू देतात, पण तो बदल पुढच्या क्लिपपासून लागू होतो. म्हणून आधी ते रेकॉर्ड चॅनल थांबवून मोकळे करावे. मग आहे ते सेटिंग जुन्या नावाने जतन करावे. आपल्या आधी ज्याने काम केले त्याची मांडणी पुसणे हा वाईट शिरस्ता आहे, आणि परत जायला वाट असली की हातही शांत राहतो.

त्यानंतर व्हिडिओचे मानक आणि रेफरन्स लॉक, म्हणजे सर्व यंत्रे वेळेच्या एकाच सिग्नलवर चालत आहेत का, ते तपासावे. २५ फ्रेमच्या मानकात ४८ किलोहर्ट्झच्या ध्वनीचे एका फ्रेममध्ये बरोबर १९२० नमुने बसतात. २९.९७ फ्रेमच्या मानकात तो हिशेब पूर्णांकात येत नाही आणि पाच फ्रेममध्ये मिळून ८००८ नमुने येतात. रेकॉर्डर, कन्सोल आणि एम्बेडर एकाच रेफरन्सवर नसतील, तर एईएस इनपुटवर ठरावीक अंतराने बारीक टिकटिक ऐकू येते. यंत्रातला सॅम्पल रेट कन्व्हर्टर, म्हणजे नमुन्यांचा वेग जुळवणारा भाग, चालू केला की ती टिकटिक जाते. पण मूळ उपाय म्हणजे कन्सोलला त्याच रेफरन्सवर आणणे.

मग ट्रॅकची संख्या आणि बिटची खोली निवडावी. गरजेपेक्षा जास्त ट्रॅक लिहिण्याचा खर्च फारसा नसतो. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा एक चॅनल सेकंदाला १.१५२ मेगाबिट घेतो, म्हणजे तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट. सोळा चॅनल झाले तरी तासाला ८.३ गिगाबाइटच्या आसपास. पण फाइल घेणाऱ्याने आठ मागितले असतील तर आठच द्यावेत, कारण त्यांच्या यंत्रणेत ट्रॅकची संख्या जुळली नाही तर फाइल परत येऊ शकते.

आता ट्रॅकमागून ट्रॅक घेऊन कागदावरचा उगम निवडावा. एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने भरावे. एकटे असाल तर भरलेल्या ओळीवर पेन्सिलने खूण करावी. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते रिकाम्या ट्रॅककडे. ट्रॅक ८ ला काहीच नको म्हणून तो तसाच सोडला, तर तिथे आधीच्या कार्यक्रमाचा उगम टिकून राहतो. एखाद्या वेळी ती टॉकबॅकची, म्हणजे चमूच्या आपसातल्या बोलण्याची, तार निघते आणि दिग्दर्शकाने कॅमेरामनला दिलेल्या सूचना प्रसारणाच्या फाइलमध्ये कायमच्या जाऊन बसतात. रिकामा ट्रॅक म्हणजे मुद्दाम म्यूट केलेला ट्रॅक. यंत्रात म्यूटचा पर्याय नसेल तर ज्या इनपुटला काहीही जोडलेले नाही हे आपण स्वतः पाहिले आहे, ते इनपुट तिथे द्यावे. तिथे प्रोग्रॅम मिक्सची प्रत देण्याची सवय मला पटत नाही, कारण पुढचा माणूस तिला काहीतरी वेगळे समजतो.

अॅनालॉग इनपुट वापरत असाल तर लेव्हलचे सेटिंग इथेच पाहावे. डीबीयू हे तारेवरच्या लेव्हलचे माप आणि डीबीएफएस हे डिजिटल लेव्हलचे, ज्यात ० ही पूर्ण मर्यादा. युरोपीय प्रथेत ० डीबीयू म्हणजे उणे १८ डीबीएफएस, म्हणून पूर्ण मर्यादा अधिक १८ डीबीयू. अमेरिकी प्रथेत अधिक ४ डीबीयू म्हणजे उणे २० डीबीएफएस, म्हणून पूर्ण मर्यादा अधिक २४ डीबीयू. कन्सोल एका प्रथेवर आणि रेकॉर्डर दुसऱ्या प्रथेवर असेल तर तब्बल ६ डीबीचा फरक पडतो: अधिक ४ डीबीयूचा टोन उणे २० ऐवजी उणे १४ वर दिसतो, आणि जल्लोषाच्या क्षणी ट्रॅक फाटतो. डिजिटल इनपुटवर रेकॉर्डरचा गेन शून्यावरच ठेवावा आणि लेव्हलचे काम कन्सोलवर सोडावे.

डॉल्बी ई असलेल्या जोडीला वेगळी वागणूक लागते. ती ऐकण्याचा आवाज नसून एईएसच्या एका जोडीत बांधलेला डेटा असतो, ज्यात आठपर्यंत चॅनल मावतात. तिच्यावर गेन, सॅम्पल रेट कन्व्हर्टर, फेड किंवा बिट कमी करणे यांपैकी काहीही झाले तर तो डेटा नष्ट होतो. अशी जोडी विषम-सम क्रमांकांवर एकत्र ठेवावी, तिच्यासाठी कन्व्हर्टर बंद करावा आणि यंत्रात सोय असेल तर ती ‘ऑडिओ नसलेली’ म्हणून नोंदवावी. तिचे दोन चॅनल सुटे करून दोन ठिकाणी पाठवले तर पुढे कोणताही डीकोडर ती उघडू शकणार नाही.

शेवटी ट्रॅकना नावे किंवा भाषेचे टॅग देण्याची सोय असेल तर ती वापरावी. ‘मराठी सुटे’ एवढे दोन शब्द फाइलबरोबर गेले तरी संपादकाचे अर्धे प्रश्न संपतात.

पाचवी पायरी : तपासणी, तीही रेकॉर्ड झालेल्या क्लिपवर

सेटिंग भरून झाले की मीटर हलताना पाहून समाधान मानण्याचा मोह होतो. मीटर फक्त आवाज आहे एवढे सांगतो. कोणता आवाज आहे हे सांगत नाही. एका नाट्यप्रयोगाच्या रेकॉर्डिंगमध्ये मी स्वतः हे अनुभवले आहे. यंत्राच्या दर्शनी पट्टीवर एका वेळी चारच मीटर दिसत होते, पाच ते आठसाठी एक बटण दाबून दुसऱ्या पानावर जावे लागत होते, आणि आम्ही दोघांनीही ते दाबले नाही. पहिले चार उत्तम होते. सुटे माइक ज्या चार ट्रॅकवर असायला हवे होते तिथे दोन तास शांतता होती, कारण त्यांचा उगम न भरलेल्या गटावर राहिला होता. प्रयोग तर पुन्हा त्याच रंगात होणार नव्हता. तेव्हापासून मी पुढची तपासणी कधीही गाळत नाही.

कन्सोलवरून एका वेळी एकाच चॅनलवर आवाज सोडावा. टोनपेक्षा माणसाचा आवाज चांगला: ‘हा मराठी समालोचनाचा माइक, ट्रॅक पाच’ असे त्या त्या माइकवर बोलावे. पंचांच्या माइकजवळ मैदानावर माणूस पाठवून त्याच माइकमधून बोलायला लावावे, कारण कन्सोलपर्यंतची तार बरोबर आहे की नाही हेही त्यातच कळते. स्टिरिओ जोड्यांसाठी ओळख असलेला टोन वापरावा. युरोपीय प्रसारण संघाच्या स्टिरिओ ओळख-टोनमध्ये १ किलोहर्ट्झचा आवाज फक्त डाव्या बाजूला दर तीन सेकंदांनी पाव सेकंद तुटतो. ग्लिट्स नावाच्या टोनमध्ये चार सेकंदांच्या आवर्तनात डावी बाजू एकदा आणि उजवी दोनदा तुटते, त्यामुळे दोन्ही बाजू स्वतंत्रपणे ओळखता येतात. डावे-उजवे उलटे झाले असेल तर ते नुसत्या सलग टोनवर कधीच सापडत नाही.

हे सगळे चालू असताना एक-दोन मिनिटांची क्लिप प्रत्यक्ष रेकॉर्ड करावी, थांबवावी आणि ती वाजवावी. रेकॉर्डर थांबलेला असताना आउटपुटवर इनपुटचाच सिग्नल सरळ दाखवतो, ज्याला ई-टू-ई म्हणतात, आणि काही यंत्रांत तो आवाज मॅपिंगच्या आधीचा असतो. म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये. क्लिप वाजवताना हेडफोनमध्ये एकेक ट्रॅक सोलो करून ऐकावा आणि ऐकू आलेले वाक्य कागदावरच्या ओळीशी पडताळावे. लक्षात असू द्यावे की प्लेबॅकलाही स्वतःचे आउटपुट मॅपिंग असते. ते सरळ एकाला एक आहे याची खात्री आधी करावी, नाहीतर बरोबर रेकॉर्ड झालेली फाइल चुकीची ऐकू येईल आणि तुम्ही बरोबर असलेले इनपुट बिघडवून बसाल.

खरा निकाल यंत्राबाहेर लागतो. ती क्लिप ड्राइव्हवर घेऊन संपादनाच्या संगणकावर उघडावी. तिथे ट्रॅक कसे दिसतात हे फाइलच्या बांधणीवर अवलंबून असते: आठ सुटे मोनो ट्रॅक, चार स्टिरिओ ट्रॅक किंवा आठ चॅनलचा एकच ट्रॅक. एफएफप्रोब या मोफत साधनाने फाइलमध्ये किती ऑडिओ प्रवाह आहेत आणि प्रत्येकात किती चॅनल आहेत हे काही सेकंदांत दिसते. संपादकाला सुटे मोनो हवे असतील आणि आपण एकच आठ चॅनलचा प्रवाह देत असू, तर मॅपिंग बरोबर असूनही त्याचे काम अडते.

दोन तपासण्या अजून उरतात. स्टिरिओ जोडी मोनो करून ऐकावी; आवाज अचानक पोकळ झाला किंवा नाहीसाच झाला तर एका बाजूची पोलॅरिटी, म्हणजे तरंगाची दिशा, उलटी आहे. आणि कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून किंवा क्लॅप देऊन चित्र-ध्वनीचा मेळ प्रत्येक उगमासाठी वेगळा पाहावा. एम्बेडेड ध्वनी चित्राबरोबर फ्रेम सिंक्रोनायझरमधून, म्हणजे चित्राची वेळ जुळवणाऱ्या यंत्रातून, येतो, तर एईएसने आलेला माइक सरळ येतो. त्यामुळे चित्राला एक फ्रेम उशीर झाला तर सुटे समालोचन प्रोग्रॅम मिक्सच्या ४० मिलिसेकंद पुढे जाते. हे दोन्ही ट्रॅक संपादकाने एकत्र मिसळले की आवाज दुहेरी आणि पिंपातून आल्यासारखा होतो. आर ३७ या युरोपीय शिफारशीत संपूर्ण साखळीअखेर ध्वनी चित्राच्या ४० मिलिसेकंद पुढे किंवा ६० मिलिसेकंद मागे, एवढीच सूट आहे. एका फ्रेममध्येच आपण ती पुढची सूट संपवून बसतो. रेकॉर्डरमध्ये इनपुटनिहाय विलंब देता येत असेल तर एईएस ट्रॅकना तेवढा विलंब द्यावा, नाहीतर तो कन्सोलवर द्यावा.

सगळे जुळले की प्रीसेटला कार्यक्रमाचे नाव आणि तारीख देऊन तो जतन करावा, एक प्रत यूएसबीवर घ्यावी, दर्शनी बटणे लॉक करावीत आणि खुणा केलेला कागद रेकॉर्डरशेजारी चिकटवावा. वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले तर कोणते सेटिंग परत येते, शेवटचे की कारखान्यातले, हेही एकदा मुद्दाम बंद-चालू करून पाहावे. आपल्याकडे जनरेटर बदलताना क्षणभर वीज जाणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि त्या क्षणानंतर कोणालाही मेनू उघडून पाहायला वेळ नसतो.

बिघाड शोधताना

एका ट्रॅकवर शांतता असेल तर आधी त्याचा उगम पाहावा, मग त्या उगमाचा गट खरोखर भरलेला आहे का ते पाहावे, आणि तार सर्वांत शेवटी. एसडीआयने आलेल्या पाच ते आठ या चारही ट्रॅकवर एकदम शांतता असेल तर दुसरा गट एम्बेडरमध्ये बंद असण्याची शक्यता सर्वाधिक. १-२ आणि ५-६ वर तोच आवाज येत असेल तर कुठेतरी गटाची प्रत होते आहे. जोडीच्या फक्त एका बाजूला आवाज असेल आणि दुसरीकडे तोच आवाज मंद ऐकू येत असेल, तर कन्सोलवरचा पॅन (आवाजाचे डावे-उजवे वाटप) तपासावा. रेकॉर्डरचा दोष नसतो. एखाद्या जोडीवर पूर्ण मर्यादेला टेकलेला खरखराट असेल तर तो बहुधा साधा ध्वनी म्हणून वाजवलेला डॉल्बी ई आहे, आणि तो ऐकण्याआधी हेडफोनचा आवाज कमी करावा.

रेकॉर्डिंग होऊन गेल्यावर चूक सापडली तरी धीर सोडू नये. ट्रॅकची अदलाबदल झाली असेल तर ध्वनी अनकंप्रेस्ड पीसीएममध्ये असल्यामुळे क्रम पुन्हा लावताना गुणवत्ता घटत नाही, आणि एफएफएमपेग या साधनाने चित्राला पुन्हा एन्कोड न करता फाइल नव्याने बांधता येते. मूळ फाइल मात्र तशीच ठेवावी आणि दुरुस्त केलेल्या फाइलच्या नावात तसे नमूद करावे. जो चॅनल लिहिलाच गेला नाही तो परत येत नाही, आणि मिसळून लिहिलेले समालोचन सुटे होत नाही. त्या वेळी ध्वनी विभागाकडे कन्सोलवरचे मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग आहे का ते ताबडतोब विचारावे, कारण त्यांच्या ड्राइव्हही पुढच्या कार्यक्रमासाठी लवकरच पुसल्या जातात.